सात खंजेऱ्या आणि आमच्या टाळ्या

मैत्रिणींनो, गेल्या दिवाळीतली गोष्ट. माझ्या नणंदेचा मुलगा पुण्याहून आमच्याकडे अमरावतीला आला होता. कॉलेजात शिकतो, गिटार वाजवतो, केस मानेपर्यंत. अंगात काळा टी-शर्ट आणि त्यावर चांगली हातभर कवटी! आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, ती कवटी पाहून दोनदा "राम राम" म्हटलं. मी चकल्या पाडत होते आणि हा शेजारी पाटावर बसून तळलेल्या चकल्या मोजत होता. मोजत म्हणजे खात!

मध्येच मला म्हणाला, "मामी, तुमच्या लहानपणी इकडे अकोला-अमरावतीला एखादा बँड होता का हो?"

"लग्नातला?" मी विचारलं.

तो हसून लोळायचा बाकी राहिला. मग म्हणाला, "तसला नाही. आमच्या पुण्या-मुंबईत असतात तसला. स्वतःचं स्वतः रचायचं, कुठल्या सिनेमाच्या जिवावर उभं राहायचं नाही आणि जे बोचतं ते लोकांच्या तोंडावर सांगायचं."

मी सोऱ्या खाली ठेवला. "होता की," म्हटलं, "आमचा बँड म्हणजे सात खंजेऱ्या आणि त्या वाजवणारा एक माणूस. सत्यपाल महाराज."

त्याला वाटलं, मामी थट्टा करतेय. तुम्हालाही कदाचित वाटेल. पण विदर्भातल्या माझ्या वाचक भगिनी एव्हाना गालात हसल्या असतील. 'सत्यपालची सत्यवाणी' ज्यांनी एकदा ऐकली, त्या विसरत नाहीत. बाकीच्यांसाठी जरा सविस्तर सांगते.

माझं माहेर अकोला जिल्ह्यातलं, अकोटकडच्या बाजूचं एक खेडं. सत्यपाल महाराजही त्याच भागातल्या सिरसोलीचे. मी दहाएक वर्षांची असेन, म्हणजे १९९८-९९ चा हिवाळा. कापसाची वेचणी उरकत आली होती. शाळेच्या मैदानात सतरंज्या अंथरल्या होत्या. एकीकडे बाप्ये, एकीकडे बाया. आजीनं मला तिच्या धुश्शात गुंडाळून मांडीवर घेतलं होतं. कीर्तन म्हणजे टाळ, वीणा आणि मध्येच आपल्याला लागणारी झोप, एवढीच माझी तोवरची समजूत.

आणि मग त्या खंजेऱ्या सुरू झाल्या!

खंजेरी तुम्ही पाहिली असेल. लाकडाचं एक कडं, एका तोंडावर ताणून बसवलेलं चामडं, कडेला छोट्या पितळी चकत्या. भजनी मंडळात एक माणूस एका हातात धरतो आणि दुसऱ्या हातानं वाजवतो. इथे मात्र एका माणसासमोर सात मांडलेल्या. प्रत्येकीचा आवाज निराळा. एक धीरगंभीर, एक भांडखोर, एक अगदी लाडात आलेल्या पोरीसारखी. दोन हात त्या सातींवरून असे फिरत होते की कुठला हात कुठे पडला ते डोळ्यांना कळत नव्हतं. झोप कुठल्या कुठे पळाली.

भाच्याला हे सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा गंभीर झाला. म्हणाला, "मामी, ड्रमसेटची गोष्ट अगदी अशीच आहे." पूर्वी परदेशात प्रत्येक ढोलाला एक-एक माणूस लागे. मग १९०९ च्या सुमारास अमेरिकेत पायानं ढोल वाजवायचं चांगलं पायटं निघालं आणि एकाच माणसाला बसल्या जागी तिघा-चौघांचं काम करता येऊ लागलं. मी म्हटलं, "आमच्याकडेही १९०९ सालीच एक गोष्ट झाली. तुकडोजी महाराज जन्मले."

खरंच आहे ते. ३० एप्रिल १९०९, अमरावती जिल्ह्यातलं यावली. खंजेरीला वऱ्हाडात जो मान मिळाला, तो या माणसामुळे. खंजेरी हे गरिबाचं वाद्य. पेटीसारखे पैसे मोजायला नकोत, तबल्यासारखी वर्षानुवर्षं तालीम नको. काखेत मारली आणि निघालं. तुकडोजी महाराज ती घेऊन गावोगाव फिरले, मराठीत आणि हिंदीत भजनं रचली, १९३५ साली मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा केला. १९४२ च्या आंदोलनात तुरुंगात गेले. १९५५ साली जपानला जागतिक धर्मपरिषदेला गेले, तर तिथेही त्यांची खंजेरी बरोबर होतीच. त्याच साली त्यांची 'ग्रामगीता' प्रसिद्ध झाली. ११ ऑक्टोबर १९६८ ला ते गेले. आजही त्यांच्या पुण्यतिथीला मोझरीला दुपारी चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी लाखभर माणसं जागच्या जागी स्तब्ध उभी राहतात. मी एकदा त्या गर्दीत होते. इतक्या माणसांची शांतता ऐकली की छातीत कसंसंच होतं.

आणि दुसरे गाडगेबाबा. तेही आमच्याच जिल्ह्यातले, शेंडगावचे. सकाळी हातात खराटा, रात्री कीर्तन. त्यांचं कीर्तन म्हणजे प्रश्नोत्तरं. समोरच्या अडाणी माणसाला असा प्रश्न टाकायचा की त्यानं उत्तर द्यावं आणि उत्तर देता देता स्वतःच कोड्यात सापडावं. २० डिसेंबर १९५६ ला अमरावतीला येताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी त्यांनी देह ठेवला.

तर गाडगेबाबांचे प्रश्न आणि तुकडोजींची खंजेरी. सत्यपाल महाराजांनी या दोन्ही गोष्टी एकत्र केल्या आणि एका खंजेरीच्या सात केल्या. चाळीस वर्षांहून अधिक काळ ते या सात खंजेऱ्या घेऊन गावोगाव फिरले. विषय तेच: दारू, हुंडा, अंगात येणं, बुवाबाजी, पोटातल्या मुलीची हत्या, गावातली घाण, नेत्रदान, देहदान. भाषा अस्सल वऱ्हाडी, शेतातली, ओट्यावरची. पुढे त्यांचे शिष्य तयार झाले. त्यांतल्या कित्येकांनी संदीपपाल, पंकजपाल अशी आपल्या नावाला 'पाल'ची शेपटी लावून घेतली. भाचा म्हणाला, याला आमच्याकडे घराणं नाही, 'चळवळ' म्हणतात.

तुम्ही म्हणाल, एवढी कडू औषधं लोक मुकाट्यानं घेत कसे? त्याचं गमक त्या ठेक्यात आहे. आपण नाही का मुलांना गुळात गोळी देत? खंजेरी वाजतेय, पाय हलतोय, माणूस हसतोय आणि हसता हसता आपल्यावरच हसतोय हे त्याला मागाहून कळतं. त्या रात्री माझ्या आजूबाजूच्या बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. आजी तर डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. नवसाचं प्रकरण निघालं होतं आणि तिचे स्वतःचे तेव्हा चार नवस फेडायचे राहिले होते!

घरी परतताना अंधारात ती आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, "खरं बोलते बाप्पा थो. पन खरं ऐकाले सोपं रायते, वागाले नाई."

त्या वाक्याचा अर्थ कळायला मला पुढची कितीतरी वर्षं लागली.

दुसऱ्या दिवसापासून आम्हा भावंडांना एकच वेड. स्वयंपाकघरातले डबे पालथे घालायचे आणि बडवायचे. तुरीच्या डाळीचा मोठा डबा गंभीर, साखरेचा मधला, जिऱ्या-मोहरीच्या डब्या भांडखोर. सात डबे जमले की आई लाटणं घेऊन यायची. मग भावानं अकोल्याच्या बसस्टँडवरून कॅसेट आणली. ती आम्ही इतक्यांदा ऐकली की फीत सैल पडली; पेन्सिल घालून गुंडाळायची आणि पुन्हा लावायची. मी भाकरी थापायला शिकले ती त्याच ठेक्यावर. कुठे लोक हसणार, कुठे टाळ्या पडणार आणि कुठे पेटीवाला सूर लांबवणार, सगळं मला पाठ होतं. हुंड्याचा भाग तर शब्दन् शब्द.

आता जे सांगणार आहे, ते सांगायला जरा अवघड जातं.

२०११ साली माझं लग्न ठरलं. मी बी.ए. झाले होते. स्थळ अमरावतीचं, माणसं चांगली, मुलगा नोकरीत. देण्याघेण्याची बोलणी आमच्याच बैठकीत झाली. हुंडा हा शब्द कोणी उच्चारला नाही. १९६१ पासून त्याला कायद्यानं बंदी आहे हे सगळ्यांनाच ठाऊक! "आमचं काही म्हणणं नाही, पण चार लोकांत शोभलं पाहिजे" असं तिकडून आणि "मुलीच्या हौसेत आम्ही कमी पडणार नाही" असं इकडून. शेवटी पाच तोळे आणि एक मोटारसायकल यावर सगळे चहा प्यायले. बाबांचं तीन एकर कोरडवाहू. त्यातलं एक एकर गहाण पडलं आणि ते सुटायला २०१६ साल उजाडलं.

बोलणी चालली होती तेव्हा मी कुठे होते? स्वयंपाकघरात, पोह्यांवर खोबरं घालत. शेजारच्या फळीवर टेपरेकॉर्डर आणि त्यावर ती कॅसेट. मला सगळं ऐकू येत होतं. कीर्तनातल्या मुली भर मांडवात उभं राहून काय उत्तर देतात तेही पाठ होतं. पण मी ताटल्या भरल्या, पदर सारखा केला आणि बाहेर नेऊन दिल्या.

याहून गमतीची, खरं तर याहून वाईट गोष्ट पुढेच आहे. लग्न होऊन सासरी आले, तिसऱ्या-चौथ्या दिवशी कपाट आवरताना पाहते तर तीच कॅसेट! मामाजींची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची. तेही त्यांचे जुने भक्त. सायन्सकोर मैदान म्हणा, मोझरीची यात्रा म्हणा, कार्यक्रम कळला की सायकल काढून निघायचे. म्हणजे ज्यांनी मोटारसायकल घेतली आणि ज्यांनी दिली, ते दोघेही एकाच कीर्तनात हुंड्याच्या भागाला टाळ्या वाजवून आले होते. खोटं कोणीच नव्हतं हो. दोघांनीही अगदी मनापासून वाजवल्या होत्या.

मामाजींचं आणि माझं मात्र त्या कॅसेटवरून चांगलं जमलं. दुपारी आत्याबाई आडव्या झाल्या की ते म्हणायचे, "सूनबाई, लाव वो." मी निवडायला मेथी घेऊन बसायची, ते पाटावर बोटांनी ठेका धरायचे. हुंड्याचा भाग आला की मी मान खाली घालून मेथी निवडायची. तेही गप्प बसायचे. ठेका मात्र दोघांचाही चुकायचा.

मे २०१७ मध्ये बातमी आली. मुंबईत नायगावला एका कार्यक्रमानंतर सत्यपाल महाराजांवर चाकूहल्ला झाला. पोटावर वार. ते त्यातून वाचले आणि बरे होऊन पुन्हा कार्यक्रमांना उभे राहिले; पण त्या दिवशी आमच्या घरात कोणाला काही सुचेना. मामाजी जेवायला उठले नाहीत. मी ताट झाकून ठेवलं. रात्री ओट्यावर बसले होते, तिथे पाणी नेऊन दिलं, तर माझ्याकडे न पाहता म्हणाले,

"टाया आपन वाजवल्या, पोरी. घाव त्यायनं झेलला."

आणि बऱ्याच वेळानं, "तुह्या बापाशी मले एकडाव बोलाचं हाय."

ते बोलणं कधी झालं नाही. बाबा येत, मामाजी त्यांना हाताला धरून वरच्या खुर्चीवर बसवत, कापसाच्या भावावर बोलत आणि मग दोघेही खाली बघत. मी वाट पाहून पाहून सोडून दिलं. पण त्या उन्हाळ्यातच मामाजींनी एक काम केलं. नेत्रदानाचा अर्ज आणला आणि भरून माझ्याकडे दिला. मुलांकडे नाही, आत्याबाईंकडे नाही, माझ्याकडे. म्हणाले, "बाकीचे रडतीन. तू फोन लावजो."

मैत्रिणींनो, इथे जरा कामाचं सांगते, कारण हे आपल्यापैकी पुष्कळजणींना ठाऊक नसतं. नेत्रदानाचा नुसता अर्ज भरून काही होत नाही. माणूस गेल्यावर जवळच्या नातेवाइकांची संमती लागते आणि घरातल्या कोणीतरी लगेच नेत्रपेढीला कळवावं लागतं. सहा तासांच्या आत डोळे घ्यावे लागतात. तोवर पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवायचा, डोक्याखाली उशी द्यायची आणि पंखा बंद करायचा, म्हणजे बुबुळ सुकत नाही. डॉक्टर घरी येऊन पंधरा-वीस मिनिटांत काम उरकतात. चेहरा विद्रूप होत नाही. चष्मा असला, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असलं तरी चालतं. एका माणसामुळे दोघांना दिसू शकतं.

२०२२ च्या फेब्रुवारीत पहाटे पाचला मामाजी गेले. घरात एकच रडारड. मीही रडत होते. त्यांच्या अंगावरची चादर सारखी करताना माझी बोटं खाटेच्या कडेवर टेकली आणि काय झालं कोण जाणे, तो पाटावरचा ठेका आठवला. मी उठले. पंखा बंद केला, उशी दिली, कापूस ओला करून ठेवला आणि अंगणात जाऊन फोन लावला.

आत आले तर घरात कुजबुज सुरू झालेली. एक वयस्कर काकू म्हणाल्या, "डोये काहाडले त पुढच्या जलमी आंधये होतीन ना वो! पोराईले काही कयते का?" दिरांनी मान फिरवली. यांना काही सुचत नव्हतं. सगळे माझ्याकडे बघत होते. सुनेनं बोलायची ती जागा नव्हती, वेळ नव्हती. माझे पाय लटपटत होते, खोटं कशाला सांगू? पण मी म्हटलं, "मामाजींची सही आहे. त्यांनी मला सांगून ठेवलं आहे. ते आयुष्यभर ज्याला टाळ्या वाजवत आले, तेवढं एक तरी होऊ द्या."

कोणी काही बोललं नाही. मग कोपऱ्यातून आत्याबाई, ज्यांना त्या कॅसेटचा आवाज कधी सहन झाला नाही, त्या म्हणाल्या, "त्यायची विच्छा हाय ना? मंग होऊ द्या." आणि थरथरत्या हातानं त्यांनीच संमतीच्या कागदावर सही केली. साडेसातला डॉक्टर आले, आठच्या आत गेले. मामाजींचा चेहरा होता तसाच होता, झोपल्यासारखा.

हे मी शौर्य म्हणून सांगत नाही. अकरा वर्षांपूर्वी जिथे तोंड उघडायला हवं होतं तिथे मी पोह्यांवर खोबरं घालत होते, ते काही यानं पुसलं जात नाही. पण इतक्या वर्षांच्या भक्तीचा हिशेब मांडायचा तर माझ्या जमेच्या बाजूला हे एवढंच आहे.

आता कॅसेट गेल्या. सत्यवाणी मोबाइलवर ऐकायला मिळते. दिवाळीत भाच्याला ती लावून दिली. भाषा त्याला अर्धीमुर्धीच कळत होती. पण थोड्या वेळानं पाहते तर फराळाचे डबे पालथे घालून साहेब बडवताहेत, आणि शेजारी माझा दहा वर्षांचा मुलगा, हातात दोन चमचे. चिवड्याचा डबा गंभीर, शंकरपाळ्यांचा भांडखोर. आत्याबाई आतून ओरडल्या, "डबे फुटतीन रे पोट्टेहो!" पण बाहेर येऊन दारात उभ्या राहिल्या त्या राहिल्याच.

माझ्या त्या दहा वर्षांच्या मुलाकडे पाहताना मात्र मनात आलं, अजून पंधरा-सोळा वर्षांनी याच बैठकीत पुन्हा एक बोलणी होतील. तेव्हा मी मुलाची आई असेन, घेणाऱ्यांच्या बाजूची. कोणीतरी म्हणेल, आमचं काही म्हणणं नाही, पण चार लोकांत शोभलं पाहिजे. आणि आत स्वयंपाकघरात कोणाची तरी मुलगी पोह्यांवर खोबरं घालत असेल.

त्या दिवशी मी काय बोलणार आहे ते आजच इथे लिहून ठेवते: मुलगी आणि नारळ, बाकी काही नको. छापून आलं म्हणजे मागे फिरता येत नाही. आणि विसरलेच, तर तुमच्यापैकी कोणीतरी हा अंक माझ्यापुढे धरा.